सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स: होल टीकडून वाचावा की ग्रीनकडून?

उत्तरवारा (धागाकर्ता)

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानाचा पहिला आणि अठरावा होल (सुरुवातीपासून झेंड्यापर्यंतचा टप्पा) एकाच सामाईक फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, खेळले जातात. हा फेअरवे सुमारे १२९ यार्ड रुंद आहे आणि या दोन्ही होलवर एकही बंकर (वाळूचा खड्डा) नाही. पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीच्या जागेवर, उभ्या राहिलेल्या नवख्या खेळाडूला त्यामुळे असे वाटते की येथे चेंडू चुकवायचा म्हटले तरी चुकणार नाही. मात्र पहिल्या ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, अगदी पुढ्यातून स्विल्कन बर्न हा अरुंद ओढा वाहतो, आणि झेंडा ओढ्याच्या काठाशी लावलेला असेल त्या दिवशी दुसरा फटका किती अंतरावरून आणि कोणत्या उंचीने मारायचा, यावर त्या होलचे सारे गणित अवलंबून असते. ड्राइव्ह, म्हणजे टीवरून मारलेला पहिला फटका, कोठेही पडला तरी चालेल, ही समजूत त्या ओढ्यापाशी संपते.

गेली काही वर्षे मी या मैदानाचे नकाशे, जुन्या स्पर्धांची चित्रणे आणि तेथे खेळून आलेल्या मित्रांच्या आठवणी मिळतील तशा जमवत आलो आहे. त्यावरून माझे एक मत बनले आहे आणि ते तपासून पाहण्यासाठीच हा धागा काढला आहे. ओल्ड कोर्सवरील होल टीवरून पुढे पाहत समजत नाही. तो झेंड्यापासून मागे मागे येत वाचावा लागतो. आज झेंडा कोठे आहे, त्या झेंड्याकडे जाण्याची सर्वांत मोकळी बाजू कोणती, त्या बाजूला चेंडू ठेवायचा तर वाटेत काय आडवे येते, आणि तो धोका आजच्या वाऱ्यात पत्करण्याजोगा आहे का, या क्रमाने विचार केला तरच टीवरून कोठे नेम धरायचा ते कळते. फेअरवेची रुंदी ही खेळाडूला दिलेली सवलत नसून त्याच्यापुढे ठेवलेली निवड आहे, असे मी समजतो.

मैदानाची एकूण मांडणी आधी सांगतो. होल गावापासून निघून एडन नदीच्या खाडीपर्यंत जातात, तेथे सातव्या ते बाराव्या होलच्या दरम्यान वळसा घेतात आणि पुन्हा गावाकडे येतात. जाण्याच्या आणि येण्याच्या वाटा शेजारी शेजारी असल्यामुळे बहुतेक ग्रीन जोडग्रीन, म्हणजे दोन होलना सामाईक, आहेत. एकूण सात जोडग्रीन असून पहिल्या, नवव्या, सतराव्या आणि अठराव्या होललाच स्वतःचे वेगळे ग्रीन आहे. जोडीतील दोन होलच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा येते, म्हणजे दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, चौथा आणि चौदावा अशा जोड्या आहेत. फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होत असल्यामुळे जाताना काय आणि येताना काय, शेजारचा फेअरवे खेळाडूच्या डाव्या हाताला येतो, तर गॉर्सची काटेरी झुडपे आणि हद्दीबाहेरची जमीन उजव्या हाताला राहते. म्हणूनच तेथील कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारे मदतनीस, संशय आला की डावीकडे मारा, असा सल्ला देतात. तो सल्ला सुरक्षित आहे यात शंका नाही. परंतु अनेक होलवर ग्रीनचे तोंड उजव्या बाजूने उघडते, आणि जो डावीकडे पळाला त्याला दुसऱ्या फटक्याला बंकरवरून किंवा उंचवट्यावरून जावे लागते. वाचलेल्या धोक्याची किंमत पुढच्या फटक्यात मोजावी लागते, आणि या मैदानाची सारी रचना माझ्या मते या एका देवघेवीवर उभी आहे.

सतरावा होल, म्हणजे रोड होल, हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. हा पार चारचा (चार फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेला) होल २००५ च्या ओपन स्पर्धेपर्यंत ४५५ यार्डांचा होता. २०१० साली टी मागे नेऊन तो ४९५ यार्ड करण्यात आला. टीसमोर जुन्या रेल्वेच्या शेडची प्रतिकृती आणि तिच्या मागे हॉटेल आहे. उत्तम ड्राइव्ह त्या शेडच्या डोक्यावरून, हद्दीबाहेरच्या जमिनीवरून जाऊन फेअरवेच्या उजव्या भागात उतरावा लागतो. ग्रीन थोडे उंचावर, अरुंद आणि तिरके आहे: ते उजव्या पुढच्या कोपऱ्याकडून डाव्या मागच्या कोपऱ्याकडे पसरले आहे. त्याच्या डाव्या कुशीत खोल रोड बंकर शिरला आहे आणि पाठीमागे डांबरी रस्ता व त्यापलीकडे दगडी भिंत आहे. रस्ता हा मैदानाचाच भाग मानला जातो, त्यामुळे चेंडू तेथे गेला तर आहे तेथूनच खेळावा लागतो. उजवीकडून येणाऱ्याला ग्रीनची लांबी मिळते, तर डावीकडून येणाऱ्याला फक्त त्याची रुंदी मिळते, आणि तीही बंकर व रस्ता यांच्या कात्रीत. टीवर हद्दीबाहेरचा जो धोका पत्करायचा, त्याचा मोबदला दीडदोनशे यार्ड पुढे असा चुकता होतो.

अकरावा, बारावा आणि चौदावा या तीन होलविषयी येथील जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

---

सात नंबर

आपले विवेचन आवडले, पण एक शंका मनात राहते. २०२२ च्या ओपनमध्ये कॅमेरॉन स्मिथने वीस अंडर पार, म्हणजे पारपेक्षा वीस कमी, अशा २६८ फटक्यांत स्पर्धा जिंकली. आजचे खेळाडू इतके लांब मारतात की बंकर ओलांडून चेंडू थेट ग्रीनच्या आसपास नेतात. अशा वेळी कोन, बाजू आणि मोबदला यांचा हिशेब कोण करत बसेल? वारा नसलेल्या दिवशी हे मैदान केवळ पटिंगची, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळत नेण्याची, स्पर्धा होऊन बसते, असे मला दूरदर्शनवर पाहताना वाटले. जुन्या रचनेचा आदर राखूनही विचारतो, की ती आज खरोखर काम करते का?

---

उत्तरवारा (धागाकर्ता)

प्रश्न रास्त आहे आणि लांबी वाढल्यामुळे काही बंकर निरुपयोगी झाले आहेत, हे मान्य करावेच लागेल. तरीही आपण ज्या स्पर्धेचा दाखला दिला आहे, त्याच स्पर्धेचा शेवटचा दिवस मला उलटी साक्ष देताना दिसतो.

त्या दिवशी रॉरी मॅकिलरॉयने अठराच्या अठरा ग्रीन नियमित फटक्यांत, म्हणजे पारसाठी दोन पट शिल्लक ठेवून, गाठली आणि छत्तीस पट घेऊन ७० ची फेरी केली. कोणत्याही साध्या मैदानावर अठरा ग्रीन गाठणारा खेळाडू यापेक्षा फार कमी फटक्यांत परततो. येथे तसे घडले नाही, कारण ओल्ड कोर्सवर ग्रीन गाठणे आणि झेंड्याजवळ जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडग्रीन इतकी विस्तीर्ण आहेत की चेंडू ग्रीनवर असूनही झेंडा तीस-चाळीस पावले दूर राहू शकतो आणि मध्ये दोन-दोन उंचवटे येऊ शकतात. स्मिथने त्याच दिवशी ६४ फटक्यांत फेरी पूर्ण केली आणि दहाव्यापासून चौदाव्यापर्यंत सलग पाच बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) घेतल्या. पटिंगची स्पर्धा झाली हे आपले निरीक्षण खरे आहे, पण पट कोणत्या बाजूने आणि किती लांबून करायचा हे आधीचा फटका ठरवतो, आणि तो फटका कोठून मारायचा हे ड्राइव्ह ठरवतो.

सतराव्या होलवर स्मिथचा दुसरा फटका ग्रीनच्या पुढे डावीकडे थांबला, म्हणजे तो आणि झेंडा यांच्यामध्ये रोड बंकर आला. त्याने चेंडू उचलून बंकरवरून टाकण्याचा मोह टाळला आणि हाती पटर घेतला. बंकरच्या कडेने उतारावरून चेंडू वळवून त्याने तो ग्रीनवर आणला आणि उरलेला मध्यम लांबीचा पट घालून पार राखला. अंतिम विजय केवळ एका फटक्याचा होता. जमिनीवरून जाणारी ती वाट ज्याने आधी पाहून ठेवली होती, त्यालाच ऐनवेळी ती सुचली असणार, असे मला वाटते.

टायगर वूड्सचे उदाहरण तर याहून जुने आहे. २००० सालच्या ओपनमध्ये त्याने चारही फेऱ्यांत एकदाही बंकरमध्ये चेंडू घातला नाही आणि एकोणीस अंडर पार करून आठ फटक्यांनी विजय मिळवला. मैदानावर शंभराहून अधिक बंकर आहेत हे लक्षात घेतले, तर ही केवळ ताकदीची किंवा नशिबाची कामगिरी नव्हती हे पटावे. याच स्पर्धेच्या अखेरच्या फेरीत त्याच्यासोबत खेळणाऱ्या डेव्हिड ड्युव्हलने रोड बंकरमधून बाहेर पडण्यासाठी चार फटके घेतले आणि त्या होलवर आठ लिहिले. दोघेही त्या काळातील अव्वल खेळाडू होते.

---

खाडीकाठ

मी एडिंबरोला राहतो आणि वर्षातून एक-दोनदा सेंट अँड्र्यूजला जाणे होते. अकराव्या होलविषयी लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण जगातील पार तीनच्या होलमध्ये मला याच्याइतका दुसरा आवडत नाही.

ओल्ड कोर्सवर पार तीनचे होल दोनच आहेत, आठवा आणि अकरावा. अकरावा सुमारे १७४ यार्डांचा आहे, वाटेत ना पाणी ना झाड, आणि टीवरून सारे उघडे दिसते. ग्रीनच्या पुढे उजवीकडे स्ट्रॅथ बंकर आणि डावीकडे हिल बंकर आहे. ग्रीनच्या मागे एडनची खाडी असल्यामुळे डोळ्यांना अंतराचा अंदाज येत नाही. मागे काहीच नसल्यासारखे वाटते आणि हात आपोआप आखडतो. ग्रीन मागून पुढे चांगलेच उतरते आहे. म्हणजे कमी मारला तर बंकर, आणि बंकरच्या भीतीने जास्त मारला तर तीव्र उतारावरून खाली येणारा पट, जो थांबवता आला नाही तर चेंडू पुन्हा त्याच बंकरकडे जातो. झेंडा स्ट्रॅथच्या मागे लावलेला असतो तेव्हा झेंड्याकडे पाहूसुद्धा नये, असे मी अनुभवाने शिकलो आहे. ग्रीनच्या पुढच्या भागात झेंड्याच्या खाली राहायचे आणि वर चढणारा पट घ्यायचा, भले तो लांबचा असो. धागाकर्त्यांचे सूत्र येथे सर्वांत नेमके लागू पडते: आधी आपल्याला कोणता पट हवा आहे ते ठरवायचे आणि मग टीवर क्लब, म्हणजे मारायची काठी, निवडायचा.

अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्सची गोष्ट याच होलशी जोडलेली आहे. १९२१ च्या ओपनमध्ये तो एकोणीस वर्षांचा होता. तिसऱ्या फेरीत त्याचे पहिले नऊ होल ४६ फटक्यांत झाले, आणि अकराव्यावर चेंडू हिल बंकरमध्ये अडकल्यानंतर त्याने स्पर्धेतून माघार घेतली. त्या वेळी त्याला हे मैदान मुळीच आवडले नव्हते. परंतु १९२७ साली त्याने येथेच ओपन जिंकली, १९३० साली येथेच ब्रिटिश अमॅच्युअर जिंकली, आणि १९५८ साली या गावाने त्याला नागरिकत्वाचा सन्मान दिला. ज्या मैदानावर त्याने हार मानली होती, त्याच मैदानाचा तो पुढे सर्वांत मोठा चाहता झाला. मैदानांचे रचनाकार अॅलिस्टर मॅकेन्झी यांनी १९२४ साली ओल्ड कोर्सचे बारकाईने सर्वेक्षण करून नकाशा काढला होता. त्यांच्यासोबत जोन्सने अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल हे मैदान उभारले, तेव्हा रुंद फेअरवे, थोडेच बंकर आणि ग्रीनच्या उतारांनी ठरवलेली खेळी हा विचार त्यांनी सेंट अँड्र्यूजहूनच नेला होता.

याच होलची नक्कल अमेरिकेत अनेक ठिकाणी दिसते. चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनाल्ड हे १८७२ साली शिक्षणासाठी सेंट अँड्र्यूजला आले आणि तेथेच गोल्फ शिकले. पुढे लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स रचताना त्यांनी ब्रिटनमधील उत्तमोत्तम होलचे तत्त्व उचलून आपल्या जमिनीत बसवले. अकराव्यावरून त्यांनी जो होल घेतला त्याला त्यांनी एडन हेच नाव दिले, आणि सतराव्यावरून घेतलेल्या होलला सेंट अँड्र्यूज. नॉर्थ बेरिकचा रेडान आणि प्रेस्टविकचा आल्प्स हेही त्याच मालिकेतले. त्यांनी गवत किंवा वाळू उचलली नाही, तर प्रश्न उचलला: ग्रीनचा उतार एकीकडे, बंकर दुसरीकडे, आणि मधून जाण्याची एक अवघड वाट. हा होल समुद्रापासून दूर नेऊनही टिकतो याचे कारण तेच असावे.

---

सात नंबर

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. मॅकिलरॉयच्या छत्तीस पटांचा मी असा विचार केला नव्हता. माझी शंका बरीच दूर झाली आहे, पूर्ण नाही. चौदाव्याविषयी कोणी लिहील का?

---

दगडी पूल

चौदावा, म्हणजे लाँग. पार पाचचे होलही या मैदानावर दोनच आहेत, पाचवा आणि हा. मोठ्या स्पर्धांसाठी तो ६०० यार्डांहून लांब खेळवला जातो.

टीवरून उजवीकडे हद्दीची दगडी भिंत आहे आणि डावीकडे बिअर्डीज नावाचे चार बंकर आहेत. दोहोंच्या मधून गेलेला चेंडू ज्या सपाट, प्रशस्त पट्ट्यावर उतरतो त्याला एलिसियन फील्ड्स म्हणतात. ग्रीक पुराणातील पुण्यवंतांच्या विसाव्याच्या जागेवरून हे नाव आले आहे, आणि त्याच्या पुढे लगेच हेल, म्हणजे नरक नावाचा बंकर आहे. नावे ठेवणाऱ्यांनी होलचा क्रम नेमका ओळखला होता. हेल ग्रीनच्या बराच अलीकडे आहे, माणसाच्या उंचीहून खोल आहे, आणि त्याची पुढची भिंत जवळजवळ उभी आहे.

दुसऱ्या फटक्याला येथे तीन वाटा आहेत आणि तिन्ही खऱ्या आहेत. पहिली हेलच्या अलीकडे थांबण्याची. ती सुरक्षित आहे, पण तिसरा फटका लांबचा उरतो, आणि ग्रीनच्या पुढचा चढ तीव्र असून त्यामागे ग्रीन खेळाडूपासून दूर मागे उतरत असल्यामुळे लांबून मारलेला उंच चेंडू तेथे धरत नाही. दुसरी वाट हेल ओलांडण्याची, जी एलिसियन फील्ड्समधूनच शक्य होते. तिसरी डावीकडे पाचव्या होलच्या फेअरवेवर जाण्याची. ती दिसायला लांबची आणि थोडी भित्री वाटते, पण हेल टळतो आणि ग्रीनकडे एक मोकळा कोन मिळतो. उलटा वारा असेल त्या दिवशी अनुभवी खेळाडू बेधडक शेजारच्या होलवर जातात. एका होलचा फेअरवे दुसऱ्या होलची पळवाट व्हावा, ही सोय आजच्या नव्या मैदानांवर बहुधा मिळत नाही, कारण तेथे प्रत्येक होल झाडांनी आणि रफने, म्हणजे वाढलेल्या गवताने, वेगळा काढलेला असतो.

१९९५ च्या ओपनमध्ये जॅक निकलसचा चेंडू हेलमध्ये गेला आणि त्याला बाहेर काढायला चार फटके लागले. त्या होलवर त्याने दहा लिहिले. सेंट अँड्र्यूजला १९७० आणि १९७८ अशा दोन ओपन जिंकलेल्या माणसावर ही वेळ आली, यावरून त्या बंकरचा दरारा समजावा.

मात्र धागाकर्त्यांच्या मुख्य सूत्राला माझा एक आक्षेप आहे. योग्य बाजू म्हणजे योग्य निकाल, असा समज होऊ नये. १९८४ च्या ओपनच्या अखेरच्या दिवशी सतराव्यावर टॉम वॉटसनचा ड्राइव्ह उजवीकडे, अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पडला होता. तेथून त्याने दोन नंबरच्या आयर्न या लांब मारणाऱ्या क्लबने मारलेला चेंडू ग्रीन ओलांडून रस्त्यापलीकडे भिंतीच्या पायथ्याशी गेला आणि त्याला बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त, मिळाली. त्याच्या पुढे खेळणाऱ्या सेव्हे बायेस्टेरॉसचा ड्राइव्ह डावीकडे रफमध्ये गेला होता, म्हणजे आपल्या हिशेबाने चुकीच्या बाजूला. तेथून त्याने सहा नंबरने चेंडू ग्रीनवर ठेवला आणि पार घेतला. आधीच्या तिन्ही दिवशी त्याने याच होलवर बोगी घेतली होती. त्यानंतर अठराव्यावर बर्डी घेऊन त्याने ओपन जिंकली. मग बाजूचा मोबदला कोठे गेला?

---

उत्तरवारा (धागाकर्ता)

दगडी पूल, आपला आक्षेप महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने उत्तर देतो.

योग्य बाजू खेळाडूला फक्त अधिक मोठे लक्ष्य देते. त्या लक्ष्यावर मारण्याचे काम त्याचेच राहते. वॉटसनकडे मोकळा कोन होता, पण तो त्या होलवर लांब क्लबने ग्रीनवर पोहोचण्याचा प्रयत्न करत होता आणि समोर ओपनचे सहावे विजेतेपद होते. ग्रीन अरुंद आहे आणि मागे रस्ता आहे, त्यामुळे लांब क्लबने येणारा धावरा चेंडू थांबवायला तेथे जागाच नाही. माझ्या मते त्या जागेवरून ग्रीनच्या पुढे उजवीकडे चेंडू सोडून, तेथून वर चढणारा छोटा फटका खेळणे हा विचारपूर्वक पर्याय होता. वॉटसनच्या जागी मी असतो तर काय केले असते हे सांगण्याचा मला अधिकार नाही, परंतु या होलवर पाच फटके घेऊन न रडणारा खेळाडू आठवड्याच्या शेवटी वर असतो, हे अनेक ओपनमध्ये दिसले आहे. बायेस्टेरॉसने तीन बोगी घेऊनही स्पर्धा जिंकली, हेच पाहा.

ग्रीनवर पोहोचल्यावरही हा होल सोडत नाही, हे १९७८ साली टॉमी नाकाजिमाने अनुभवले. तिसऱ्या फेरीत तो दोन फटक्यांत ग्रीनवर होता. त्याचा पट उतारावरून वळून रोड बंकरमध्ये गेला, बाहेर पडायला चार फटके गेले आणि कार्डावर नऊ लिहावे लागले. त्या ग्रीनचा पुढचा भाग बंकरकडे चेंडू गोळा करतो. म्हणजे बंकरची खरी व्याप्ती त्याच्या वाळूपेक्षा कितीतरी मोठी आहे. रचनेच्या दृष्टीने मला ही गोष्ट फार शिकण्यासारखी वाटते: धोका नेमका लहान असावा, पण त्याकडे नेणारे उतार दूरवर पसरलेले असावेत.

---

मृद्गंध

येथे बाकीचे अधिक जाणकार आहेत, म्हणून फक्त आपल्याकडच्या मैदानांविषयी लिहिते. मी पुण्यात वीस वर्षे खेळते आहे. पावसाळ्यात आपले फेअरवे ओले आणि मऊ असतात. चेंडू पडतो तेथेच रुततो, आणि त्या चार महिन्यांत ग्रीनवर उंचावरूनच चेंडू टाकावा लागतो. जानेवारीपासून मात्र जमीन वाळून कडक होते, चेंडू तीस-चाळीस यार्ड धावतो, आणि तेव्हा आपल्यालाही कोणत्या बाजूने ग्रीनवर चढायचे याचा विचार करावा लागतो. आमच्या फेरीतील बऱ्याच जणींचे गुण उन्हाळ्याच्या तोंडावर बिघडतात, कारण पावसाळ्यातली सवय सुटत नाही. मी स्वतः गेल्या वर्षीपासून ग्रीनच्या पुढच्या चाळीस यार्डांत सँड वेज या चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबऐवजी आठ नंबरच्या आयर्नने चेंडू घरंगळत नेण्याचा सराव केला आणि मला त्याचा स्पष्ट फायदा झाला. लिंक्सवरील, म्हणजे समुद्रकाठच्या वालुकामय मैदानांवरील, खेळ आपल्याला परका आहे असे जे म्हटले जाते, ते वर्षातील निम्म्या काळापुरतेच खरे आहे.

एक विचारते. ओल्ड कोर्सची रचना कोणी केली? आपण सर्व जण होलविषयी लिहीत आहात, पण रचनाकाराचे नाव कोणीच घेतलेले नाही.

---

खाडीकाठ

मृद्गंध ताई, नाव घेतले नाही कारण तसे एकच नाव नाही. समुद्र मागे हटून राहिलेल्या वाळूच्या टेकाडांवर बारीक, चिवट गवत उगवले, मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोसा घेताना खड्डे केले, आणि माणसे त्यातून वाट काढत खेळत राहिली. काही बंकर अशाच खड्ड्यांतून, तर काही एकाच जागी पुन्हा पुन्हा चेंडू पडून जमीन उखडल्यामुळे झाले असे मानले जाते. हे खड्डे जेथे चेंडू थांबत असे तेथेच तयार झाले, म्हणून ते आजही नेमके आड येतात.

माणसाचा हात नंतर लागला, आणि तोही बेताने. पूर्वी येथे बावीस होलची फेरी होत असे. १७६४ साली सुरुवातीचे चार छोटे होल जोडून दोन केले गेले, आणि तीच वाट जाता-येता खेळली जात असल्यामुळे बाविसाचे अठरा झाले. जगभर अठरा होलची फेरी रूढ झाली ती याच मैदानामुळे. एकोणिसाव्या शतकात गॉर्स मागे हटवून फेअरवे रुंद केले गेले आणि ग्रीन वाढवून त्यांवर दोन-दोन झेंडे आले. मैदानाची निगा राखणारे ओल्ड टॉम मॉरिस यांनी अठरावे ग्रीन तयार केले, आणि १८७० च्या सुमारास पहिल्या होलला ओढ्यापलीकडे स्वतंत्र ग्रीन दिले. त्याआधी पहिल्या टीवरून सतराव्याच्या ग्रीनकडे खेळत, म्हणजे फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होत असे. नवे ग्रीन आल्यावर दोन्ही दिशांनी खेळणे शक्य झाले, आणि बराच काळ दोन्ही दिशा आलटून पालटून चालत. हळूहळू आजची दिशा पक्की झाली. अधूनमधून विशेष प्रसंगी जुन्या दिशेने अजूनही खेळवतात.

---

सात नंबर

म्हणजे काही बंकर उलट दिशेने येणाऱ्या खेळाडूसाठी होते, असे समजायचे का?

---

खाडीकाठ

अगदी तेच, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे बारावा होल, ज्याविषयी धागाकर्त्यांनी पहिल्याच प्रतिसादात विचारले होते.

बारावा अवघ्या ३४८ यार्डांचा पार चारचा होल आहे. टीवर उभे राहिले की समोर हलके उंचसखल गवत आणि दूरवर झेंडा दिसतो; बंकर जवळजवळ दिसतच नाहीत. मी पहिल्यांदा तेथे खेळलो तेव्हा फेअरवेच्या मधोमध, सरळ झेंड्याच्या रेषेत उत्तम ड्राइव्ह मारला आणि चालत गेल्यावर चेंडू एका खोल बंकरमध्ये सापडला, ज्याचे अस्तित्व मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. मला तो अन्याय वाटला आणि तसे मी सोबतच्या कॅडीला बोलूनही दाखवले. त्याने काही न बोलता मला मागे वळून टीकडे पाहायला सांगितले. ग्रीनच्या बाजूने पाहिले तर फेअरवेच्या मध्यभागी ओळीने असलेले सारे बंकर उघड्या तोंडांनी माझ्याकडे पाहत होते. ते टीकडून येणाऱ्यासाठी लपवलेले नव्हते, तर उलट येणाऱ्यासाठी उघडे ठेवलेले होते.

रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो आणि गावातील माणसे त्यावर फिरायला, कुत्री घेऊन, मुलांना घेऊन येतात. पुढच्या खेपेला मी रविवारीच पोहोचलो आणि अठराव्या ग्रीनपासून सुरुवात करून सारे मैदान उलटे चाललो. सोळाव्याजवळचे प्रिन्सिपल्स नोज हे बंकर, चौदाव्यावरचे हेल, बाराव्यावरची ती रांग, सर्व काही झेंड्याकडून टीकडे पाहत पाहत मनात बसवले. बाराव्याच्या ग्रीनवर बराच वेळ थांबलो. त्या ग्रीनच्या मध्यात एक अरुंद पायरी आहे. पुढे कमी पडलेला चेंडू खाली परततो आणि थोडा जास्त गेलेला मागे उतरतो. म्हणजे तेथे पूर्ण झोकात मारलेला वेज धरायला हवा, आणि तो मारण्यासाठी मागे शंभरेक यार्ड उरायला हवेत.

दुसऱ्या दिवशी खेळण्याच्या संधीसाठीच्या सोडतीत नाव लागले. बाराव्या टीवर ड्रायव्हर पिशवीतच ठेवला, पाच नंबरच्या आयर्नने बंकरांच्या रांगेच्या अलीकडे डावीकडे चेंडू टाकला, आणि सोबतच्या तिघांनी मला इतक्या छोट्या होलवर असे का केले म्हणून विचारले. त्यांपैकी दोघांचे चेंडू मधोमध गेले होते. आम्ही चालत पुढे गेलो तेव्हा त्यातला एक चेंडू मी पूर्वी ज्या बंकरमध्ये होतो, त्याच बंकरमध्ये पुढच्या भिंतीला टेकून पडलेला होता.